राहिलेला हात

घरच्या ग्रुपवर आईचा फोटो आला तेव्हा तो डब्याचं झाकण उघडत होता. फोटो पाहून त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की काम बरं झालंय. आई खुर्चीत बसलेली, अंगावर ती हिरवी शाल. तिच्या उजवीकडे धाकटा भाऊ, त्याची बायको, त्यांची मुलगी, मग बहीण आणि बहिणीचा नवरा. मागे पिवळसर भिंत. डाव्या बाजूला ती भिंत जरा जास्तच गुळगुळीत दिसत होती, म्हणजे तिथलं कोणीतरी काढलेलं होतं आणि भिंत मागाहून भरलेली होती. हे त्याला लगेच कळलं, कारण या कामात त्याच्या तोडीचं घरात दुसरं कोणी नव्हतं. रंग जुळलाय, कडा विरघळल्यात, घाई केलेली नाही, असे तो मनातल्या मनात गुण देत गेला, आणि मग आईच्या खांद्यावर त्याला एक हात दिसला. नुसता हात. मनगटापाशी तो संपत होता आणि तिथून भिंत सुरू होत होती. करंगळी वाकडी होती. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की काढलेला माणूस आपण आहोत.

त्याने डबा तसाच पुढे ओढून जेवायला सुरुवात केली. भूक लागली होती आणि माणसाला फोटोतून काढलं म्हणून त्याचं पोट काही थांबत नाही. फोटोखाली पुतणीने लिहिलं होतं, ‘नव्या घराच्या हॉलसाठी. उद्या मोठा करून छापायला देतोय.’ त्याखाली बहिणीने लिहिलं होतं, ‘किती प्रसन्न दिसतेय आई.’ बहिणीच्या नवऱ्याने अंगठा दाखवला होता. भावाने काहीच लिहिलं नव्हतं, पण फोटो त्यानेही पाहिलेला दिसत होता. सगळ्यांनी पाहिला होता. आईच्या खांद्यावर एक तुटका हात पडलेला आहे आणि तो कोणाला दिसत नाही, हे त्याला अपमानापेक्षा आधी निष्काळजीपणाचं वाटलं. लोकांना बघता येत नाही, असं तो नेहमी म्हणायचा. घास चावता चावता तो पुन्हा तेच पुटपुटला.

घरात त्याला सगळे फुकटराव म्हणत. समोर दादा, काका, आणि पाठ फिरली की फुकटराव; पुढे पुढे समोरही. ते नाव त्याने स्वतःच्या हाताने कमावलं होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तो तक्रारी घेण्याच्या टेबलावर बसायचा. लिफ्ट रोज बिघडत असल्या तरी दिवसभर काही बिघडत नसत, आणि मधल्या वेळात ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, ऑफिसच्याच इंटरनेटवर, त्याने एक जग शोधून काढलं होतं जिथे कशाचेच पैसे पडत नव्हते. एका साइटवर कीबोर्डची बटणं दाबली की पियानो वाजायचा. एकीवर आपण वेडीवाकडी रेघ ओढायची आणि कुठल्यातरी परक्या देशातल्या माणसाने ती ओळखायची. त्याने काढलेलं मांजर एकाने किटली म्हणून ओळखलं होतं आणि तो आठवडाभर त्या माणसावर चिडून होता. एकीवर कागदाच्या घड्या घालून बगळा कसा करायचा ते सावकाश दाखवत. एकीवर पक्ष्यांचे आवाज होते, एकीवर जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग चढत, एकीवर आपल्या अक्षराचा टाइप तयार करून मिळे. जे सापडेल ते तो ग्रुपवर टाकायचा आणि खाली ठरलेलं वाक्य लिहायचा, ‘हे फुकट आहे, करून बघा.’ कोणी करून बघत नसे. भावाची बायको एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, “दादांना काही द्यायचं झालं तर फुकटच देतात हं.” सगळे हसले होते, तोही हसला होता. हसण्याला पैसे पडत नव्हते.

एक पुतणी तेवढी करून बघायची. लहान होती तेव्हा सुट्टीत ती त्याच्याकडे येऊन राहायची, त्याच्या मांडीवर बसून पियानोची बटणं बडवायची, आणि थोडी मोठी झाल्यावर तिने त्याच्याकडून सगळं शिकून घेतलं. फोटोतून नको ते काढायचं कसं, हेसुद्धा. जे नको ते आधी रंगवायचं. मग बटण दाबायचं. एकदम मोठा भाग रंगवायचा नाही, थोडं थोडं काढत जायचं. माणूस गेला की त्याचं काय काय मागे राहिलंय ते शोधायचं: दुसऱ्याच्या खांद्यावरचा हात, काचेतलं प्रतिबिंब, आणि सावली. “सावली सगळे विसरतात,” तो तिला सांगायचा. “माणूस नाही आणि सावली आहे, असा फोटो बघितलास की समजायचं, काम करणारा कच्चा.” ती मान डोलवायची. त्याला मूलबाळ नव्हतं आणि आपल्या डोक्यातलं काहीतरी कोणाच्यातरी डोक्यात जातंय याचं सुख त्याला त्या काळात फार झालं होतं. ती आता नोकरीला लागली होती आणि त्याच्याकडे येत नव्हती. पण शिकवलेलं विसरली नव्हती. हात तेवढा राहिला होता. त्याने फोटो बोटांनी मोठा केला. डाव्या कोपऱ्यात खाली फरशीवर एक तिरकी करडी पट्टी होती. म्हणजे सावलीही राहिली होती.

करंगळी वाकडी झाली ती भावामुळे. दोघे लहान असताना भावाने दार धाडकन लावलं आणि याचं बोट मध्ये होतं. आई धावत आली, बोट बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, “तू तिथे हात ठेवलासच कशाला?” भाऊ दाराआड उभा राहून रडत होता, म्हणून आईने त्याला जवळ घेतलं. नंतर डॉक्टर, पट्टी सगळं झालं, पण बोट वाकडं ते वाकडंच राहिलं. आईच्या त्या वाक्याला त्याच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतं. आज इतक्या वर्षांनी तिच्याच खांद्यावर तो हात पुन्हा नको तिथे सापडला होता, आणि तो का ठेवला होता ते मात्र त्याला नीट माहीत होतं. इतर कोणाला माहीत नव्हतं. लोकांना वाटायचं, मुलाने मायेने आईच्या खांद्यावर हात ठेवलाय. बहीण तर म्हणायची, त्या फोटोत दादा किती मऊ दिसतो.

ती शाल त्याच्या बायकोने विणली होती. तिला विणकाम येत होतं, त्याला साइट सापडत होत्या, आणि या दोन गोष्टींचं लग्नात एकदाच काय ते जमलं. चित्र दिलं की त्याचा विणायचा चौकटी-चौकटींचा नकाशा करून देणारी एक साइट त्याला मिळाली. त्याने पानांची एक ओळ काढली, नकाशा करून दिला आणि ती रोज संध्याकाळी खिडकीशी बसून विणत राहिली. तो शेजारी बसून नकाशा वाचून दाखवायचा. दोन हिरवे, एक काळा, तीन हिरवे. ते दिवस बरे गेले, हे त्याला आजही नाकबूल करता येत नव्हतं. अर्धी शाल झाल्यावर त्याला दिसलं की पानं डावीकडे झुकलीत. त्याच्या चित्रात ती उजवीकडे झुकलेली होती. नकाशा करताना त्याने कुठलं तरी बटण दाबून तो उलटा केला होता. चूक त्याची होती. बायको म्हणाली, “असू दे ना. पानं कुठेही झुकतात.” तो म्हणाला, “आईला द्यायचीये, चुकीची कशी द्यायची?” तिने अर्धी शाल उसवली. लोकर गुंडाळताना तिचा हात गरगर फिरत होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिने पहिल्यापासून विणली. आईच्या वाढदिवसाला आईने ती अंगावर घेतली तेव्हा सगळ्यात आधी याला काय दिसावं, तर खांद्यावर एक पान उलटं. सगळी उजवीकडे, ते एकच डावीकडे. चुकून राहिलं की मुद्दाम ठेवलं, ते त्याने विचारलं नाही. त्याने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ते बोट ठेवून दाखवलं. “एवढं सांगून शेवटी एक चुकलंच,” असं म्हणाला. बायको हसली आणि वाढायला उठली. फोटो काढताना तो आईच्या मागे उभा राहिला आणि त्या पानावर त्याने हात ठेवला. चुकीचं पान फोटोत येऊ नये म्हणून. बायको त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. तिने ते बघितलं.

ती गेली ती भांडून नव्हे. “माझ्यात अजून काय काय दुरुस्त करायचं राहिलंय ते एकदा सांगून टाक,” एवढं एकदा म्हणाली होती, आणि त्याने खरोखरच सांगायला सुरुवात केली होती. नंतर एका सकाळी बॅग भरून ती दुसऱ्या गावी तिच्या बहिणीकडे राहायला गेली. विणायच्या सुया तेवढ्या राहिल्या. मग त्याने काय केलं, तर रोज जेवणाच्या सुट्टीत एकेका फोटोतून तिला काढायला घेतलं. सूड म्हणून नाही, असं तो स्वतःला सांगायचा. नवीन साइट सापडलीये, सराव होतोय. समुद्रकिनाऱ्यावरून काढली, लग्नाच्या हॉलमधून काढली, आगगाडीच्या खिडकीतून काढली. सुरुवातीला काम कच्चं व्हायचं, केस राहायचे, पदर राहायचा. पुढे हात बसला. एकदा एका फोटोत ती गेली आणि तिने हातात धरलेला पेला हवेत राहिला, तर तो एकटाच हसत सुटला होता आणि बाजूच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाईंनी मान वर करून पाहिलं होतं. आईच्या वाढदिवसाच्या फोटोतून त्याने तिला काढलं ते त्याचं सगळ्यांत चांगलं काम. ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, ‘हे फुकट आहे.’ कोणी काही बोललं नाही. फक्त आईला छापून नेऊन दिला तेव्हा, तिला तोवर नीट दिसेनासं झालं होतं, तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, भिंतीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “इथे एवढी जागा का सोडलीस रे?” तो म्हणाला, “तशीच आहे भिंत.” आई म्हणाली, “बरं.” नंतर वर्षभरात ती गेली.

डबा अर्धा टाकून त्याने पुतणीला फोन लावला.

“काका, बरं झालं तुम्हीच केलात,” ती म्हणाली. “मी करणारच होते. बघितला फोटो?”

“बघितला.”

“भिंत कशी झालीये? तुम्ही सांगायचात तसं थोडं थोडं केलं.”

“भिंत चांगली झालीये,” तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला या बाबतीत जमत नव्हतं.

“पण तो हात जात नाहीये हो. घासायला गेलं की आजीचा खांदाच जातो, शालीचा नुसता चिखल होतो. म्हटलं, ग्रुपवर टाकून बघू कोणाला दिसतो का. कोणाला दिसला नाही. पण मोठा केल्यावर दिसणार. तुम्ही करून देता? उद्या सकाळी छापायला जाणारे. तुमच्यासारखं कोणालाच येत नाही.”

तिच्या मागे कुठेतरी भिंतीत भोक पाडायचं यंत्र घरघरत होतं. नव्या घरात खिळे ठोकायचं काम चालू असणार. फोटोसाठीच असेल.

“मला काढलंस कशाला?” त्याने विचारलं.

“बाबा बोलले नाहीत? ते म्हणाले होते, मी सांगतो दादाला.”

“नाही बोलला.”

“अहो, तुमच्या शेजारी ती रिकामी भिंत आहे ना, काकू होत्या तिथली. तुम्ही एकटेच कडेला आणि बाजूला एवढी जागा. आई म्हणाली, येणारा-जाणारा विचारणार इथे कोण होतं, कोणाकोणाला सांगत बसायचं. कापून टाकायचं तर आजीचा खांदा जात होता. म्हणून मग.”

“मला सरकवायचं होतंस. आत घ्यायचं.”

“बघितलं ना करून. नाही बसत तुम्ही.” ती हसली, अगदी लहानपणी हसायची तशी. “काका, रागावलात? तुम्हीच म्हणायचात ना, फोटो करताना मनाला लावून घ्यायचं नाही. काकूंना काढलंत तेव्हा आम्ही कोणी बोललो का काही?”

“नाही बोललात.”

यंत्र थांबलं आणि भावाचा आवाज आला, “कोण आहे?” ती म्हणाली, “काका.” भाऊ म्हणाला, “त्याला सांग, नंतर करतो मी फोन.” हे सगळं त्याला स्वच्छ ऐकू आलं. तिनेही ते सांगितलं, “बाबा नंतर करतायत.” तो म्हणाला, “पाठव मोठा फोटो. बघतो.” नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणण्यासाठी त्याने तोंडही उघडलं होतं. पण ‘तुमच्यासारखं कोणालाच येत नाही’ हे वाक्य बऱ्याच दिवसांत त्याला कोणी ऐकवलं नव्हतं, आणि भुकेल्या माणसाने शिळंही सोडू नये, तसं त्याचं झालं.

फोटो आला. त्याने तो मोठ्या स्क्रीनवर उघडला, हात रंगवायला घेतला, आणि टेबलावरचा फोन वाजला. एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती. एकटी होती, दिवा गेला होता. अशा वेळी काय बोलायचं ते त्याला झोपेतही येत असे. “ताई, घाबरू नका. माणूस निघालाय. दाराला हात लावू नका, खाली बसून घ्या.” मेकॅनिक पोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही असा कंपनीचा नियम होता. कानाला हेडफोन, हाताला माउस, असं त्याचं नेहमीच चाले. बाई खाली बसल्याची सळसळ ऐकू आली. मग म्हणाली, “आहात ना तुम्ही?”

“आहे,” तो म्हणाला, आणि मनगट पुसलं.

पुतणीचं कुठे चुकत होतं ते त्याला कळलं. ती हात एकदम काढत होती. त्याने एकेक बोट घेतलं. अंगठा गेला, त्याखाली हिरवी वीण आली. तर्जनी गेली. साइट शेजारची वीण पाहून खालची वीण आपणच रचत होती, दोन हिरवे, एक काळा, तीन हिरवे. त्याला ते वाचून दाखवल्याचा स्वतःचा आवाज आठवला, आणि खिडकीशी बसलेल्या बायकोची मान. तिची मान कुठल्याही फोटोत आता उरलेली नव्हती. त्याने नीट काम केलं होतं. ती कशी दिसायची ते आठवायला गेलं की त्याला गुळगुळीत भिंत दिसायची. ही भीती त्याला गेले कित्येक दिवस मधूनमधून वाटत होती, पण जेवणाच्या सुट्टीत ती वाटत नसे.

“हवा येईल ना इथे?” बाईने विचारलं. “मला नीट श्वास घेता येत नाहीये.”

“येते हवा. फटी असतात. बोलत राहा माझ्याशी.”

“तुम्ही बोला. तुम्ही गप्प झालात की वाटतं, कोणी नाहीच तिकडे.”

“मी इथेच आहे, ताई,” तो म्हणाला. करंगळी तेवढी उरली होती. आईच्या खांद्यावर एक वाकडं बोट. तू तिथे हात ठेवलासच कशाला. त्याने ते रंगवलं, बटण दाबलं, आणि ते गेलं. बाई विचारत होती, घरी कोण कोण असतं तुमच्या? त्याने तिचं बोलणं ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. तिने दोनदा हॅलो हॅलो केलं. दुसऱ्यांदा तिचा आवाज चिरकला. तिसऱ्यांदा ती रडायलाच लागली तेव्हा तो म्हणाला, “आहे, आहे,” पण त्याआधीचे ते क्षण त्याने तिला तसंच अंधारात राहू दिलं होतं, आणि त्यात त्याला बरं वाटलं होतं. आपण नाही असं वाटून कोणीतरी रडलं होतं.

मग सावली. ती कोणी काढायला सांगितली नव्हती. ती राहिली असती तर हॉलमध्ये वर्षानुवर्षं त्या फरशीवर पडून राहिली असती, आणि बघणाऱ्यांपैकी एकालाही दिसली नसती. ठेवावी, असं त्याला फार वाटलं. एवढं तरी राहू द्यावं. त्याने माउसवरून हातही उचलला. पण सावली राहिलेला फोटो म्हणजे कच्चं काम, आणि उद्या कोणा जाणत्याच्या नजरेला ती पडली तर तो म्हणणार, करणाऱ्याला येत नव्हतं. हे त्याला सहन होईना. त्याने सावली काढली. फरशीची रेघ सरळ जुळवली. आता फोटोत सहा माणसं होती आणि सातवं कधी नव्हतंच.

खांद्यावर साइटने पान भरलं होतं. इतर पानांसारखं, उजवीकडे झुकलेलं, निर्दोष. तो ते बघत बसला. त्या जागी तसं पान कधीच नव्हतं, आणि हे लक्षात असलेली माणसं जगात दोनच उरली होती. त्यांतली दुसरी त्याच्याशी बोलत नव्हती. त्याने ते एक पान निवडलं, उलटं केलं, आणि डावीकडे झुकवून पुन्हा तिथेच बसवलं. कडा जुळवायला वेळ लागला.  एवढं एक त्याने आयुष्यात चुकीचं म्हणून मुद्दाम केलं, आणि करताना तिचं नाव मनात घेतलं. उद्यापासून भावाच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, तिचं पान राहील. मी नाही तर नाही. त्याचा ऊर भरून आला आणि ते त्याला आवडलंसुद्धा. त्याने फोटो पाठवून दिला.

हेडफोनमध्ये खडखड झाली, दार सरकल्याचा आवाज आला, माणसांचे आवाज आले, कोणीतरी म्हणालं, “या, या बाहेर.” “सुटलात का ताई?” त्याने विचारलं. फोन बंद झाला होता.

पुतणीचं उत्तर आलं तेव्हा तो गार डबा आवरत होता. ‘काका, तुम्ही ग्रेट आहात. कोणी होतं असं कळतसुद्धा नाही. शालीवर एक पान तेवढं उलटं आलं होतं, ते मी सरळ केलं. बाबांनी छापायला पाठवलासुद्धा.’ खाली फोटो होता. त्याने तो उघडला आणि आईच्या खांद्यावर आला तेवढा मोठा केला. सगळी पानं उजवीकडे झुकलेली होती. त्यातलं ते कोणतं, हे तो बराच वेळ शोधत राहिला. मग टेबलावरचा फोन वाजला आणि त्याने तो उचलला.